भोंग्याची किल्ली

प्रफुल्ल,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. दोघातिघांनी खुणावलं, संगीतावहिनींनीही एकदा मान वळवून पाहिलं, पण मी सतरंजीवरून हललो नाही. पंचशील झालं, भंतेजी दोन शब्द बोलले, आणि मग एकेक जण उठून तुझं कौतुक करत गेला. प्रफुल्लसर किती शांत, प्रफुल्लसरांनी कधी कोणाचं मन दुखावलं नाही, प्रफुल्लसर म्हणजे लोण्याचा गोळा. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि माझी कानशिलं तापत होती. लोण्याचा गोळा? हा माणूस तीस वर्षं एका पोस्टकार्डासाठी माझ्याशी अडून बसला होता, आणि मेला तोही अडूनच. मी बोलायला उभा राहिलो असतो तर तुला शिव्या घातल्या असत्या. तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर ते बरं दिसलं नसतं, म्हणून घरी येऊन लिहितोय.

तुला ठाऊक असलेलंच मी पुन्हा सगळं सांगणार आहे. माझी बाजू तू कधी पूर्ण ऐकून घेतली नाहीस, मधेच तोडायचास. आता तोडून दाखव.

काटोलहून मी पॉलिटेक्निकला आलो आणि नंदनवनात तुमच्या घरच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिलो. भाडेकरू नावालाच. दुसऱ्या आठवड्यापासून जेवण खाली, अभ्यास खाली आणि भांडणंही खालीच. तू एका बंद पडलेल्या टायपिंगच्या क्लासमधून जुना कॉम्प्युटर सायकलरिक्षात घालून आणला होतास, आणि रिक्षा खड्ड्यात आदळू नये म्हणून आपण दोघं तिच्या दोन बाजूंनी पळत आलो होतो. आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण त्या कॉम्प्युटरला गळाच नव्हता. आत एक एवढासा स्पीकर. काही चुकलं की 'टूं' करायचा, बाकी मुका. गाणं, बोलणं काही ऐकायचं तर वेगळं कार्ड बसवावं लागे, आणि ते आपल्यासारख्यांनी दुकानाच्या काचेतून बघायचं.

"त्या स्पीकरले चालू अन् बंद, दोनच गोष्टी समजते," तू मला म्हणाला होतास. "मंग आपण त्याले सेकंदाले हजारो वेळा चालू-बंद करू. बोलीनच कसा नाही साला."

आठ महिने तू त्याच्यामागे लागला होतास. प्रिंटरची वायर लावायच्या जागी स्वतः सोल्डरिंग केलेली एक पट्टी जोडलीस, त्यातून टेपरेकॉर्डरचा आवाज आत घ्यायचा आणि त्याचे आकडे करून ठेवायचे. मग तुझ्या प्रोग्रामनं ते आकडे त्या मुक्या स्पीकरकडून वदवून घ्यायचे. पहिलं गाणं वाजवलंस तेव्हा कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतडाट झाला. तुझी आई आतून धावत आली, तिला वाटलं काहीतरी जळालं. पण तू सुधारत गेलास, आणि मी तुझ्या चुका काढत गेलो. 'भोंगा' हे त्याचं नावही मीच ठेवलं. हे कोणी सभेत सांगितलं नाही, म्हणून इथं सांगतो.

आणि मग तू तुझा तो नियम काढलास.

तेव्हा प्रोग्राम वाटायची एक रीत होती, शेअरवेअर म्हणायचे. फ्लॉपीवर फुकट द्यायचा, ज्याला हवा त्यानं पुढं कॉपी करून द्यावा, वापरून बघावा, आणि आवडला तर बनवणाऱ्याला त्याचं मोल पाठवावं. बाहेरदेशचे लोक डॉलर मागायचे. तू पोस्टकार्ड मागितलंस. वीस सेकंद झाले की भोंगा थांबायचा आणि पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी ओळी यायच्या, खाली हिंदीतून पुन्हा त्याच: भोंगा वीस सेकंद फुकट वाजतो. पूर्ण ऐकायचं असेल तर एक कार्ड टाका. नाव लिहा, गाव लिहा, आणि भोंग्यावर पहिल्यांदा काय ऐकलं ते लिहा. उलट टपाली किल्ली पाठवू. किल्ली म्हणजे एक आकडा. कार्ड लिहिणाऱ्याच्या नावावरून तू तो कागदावर मांडून काढायचास, आणि तो त्या माणसाच्या नावालाच चालायचा.

"पैसे काहून नाही मागत बे?" मी विचारलं होतं.

"पैशानं काय समजते? आपलं कोणी ऐकलं का नाही ऐकलं, हे समजलं पाहिजे ना माणसाले. तीन ओळी लिहाले काय जाते?"

तुझे वडील टपाल खात्यात पत्रं निवडायचे. तुमच्या घरात पत्राला उत्तर न देणं म्हणजे ताटात अन्न टाकून उठणं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्यासाठीही तोच नियम? मी म्हटलं, मला किल्ली दे. तू म्हणालास, कार्ड टाक. मला आधी थट्टाच वाटली.

"अबे, मी वरच्या खोलीत राहतो. जिना उतरलो का तुह्या दारात. अन् मी पोस्टात जाऊन तुले कार्ड टाकू?"

"हो. सगळ्यायले नियम एकच."

"मी नाव ठेवलं ना त्याचं?"

"मंग तर पहिलं कार्ड तुहंच पाहिजे."

तुझी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "देऊन टाक ना बापा त्याले, भाजी थंडी होऊन राहिली." तू दिली नाहीस. मी लिहिलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर दोन सुंभ होते आणि दोघांनाही आपलाच पीळ प्यारा.

आता बाबांचं.

माझे बाबा काटोलच्या बसस्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये होते. गाड्यांची नोंद ठेवायची आणि माईकवरून निवेदन करायचं. स्टँडच्या छपरावर दोन भोंगे होते, त्यातून त्यांचा आवाज बाहेर पडायचा. संत्र्याच्या हंगामात तिथं पाय ठेवायला जागा नसायची. व्यापारी, शेतकरी, हमाल, टोपल्या, सगळा कलकलाट. पण बाबांनी "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हटलं की टोपली उचलणारा हमालसुद्धा थांबायचा. माईकसमोर त्यांची भाषा एकदम शुद्ध, पुस्तकातल्यासारखी. घरी आले की वऱ्हाडी, आणि तीही चार शब्द. वाढ. पुरे. निजा आता. दिवसभर अख्ख्या तालुक्याशी बोलून आल्यावर आमच्यासाठी त्यांच्याकडे काही उरतच नसावं, असं मला लहानपणी वाटायचं.

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी डेपोत माझ्या नोकरीसाठी शब्द टाकला. मला न विचारता. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा जेवताना हे सांगितलं, आणि मी आईसमोर, शेजारच्या काकांसमोर म्हणालो, "मले नाही बसाचं जिंदगीभर गाड्यायचे नावं वरडत." बाबा ताटावरून उठले. हात धुतला, टोपी घातली आणि ड्युटीवर गेले. मी दुसऱ्या गाडीनं नागपूरला आलो. त्या गाडीचं निवेदनही त्यांनीच केलं. मग दीड वर्ष मी काटोलला गेलो नाही. आईच अधूनमधून येऊन भेटून जायची.

हे मी तुला एकदाच, जिन्यात बसून सांगितलं होतं. आणि तू काय केलंस? घरचा टेपरेकॉर्डर पिशवीत घातलास, एका मंगळवारी कॉलेज बुडवलंस आणि काटोलची गाडी धरलीस. मला विचारलं नाहीस. माझ्या बापाकडे, माझ्या भांडणात, न विचारता. संध्याकाळी पिशवीभर संत्री घेऊन परत आलास आणि म्हणालास, "काका बढिया माणूस आहे गा. त्यायनं मले चहा पाजला." मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी तू मला खाली बोलावलंस. कॉम्प्युटर सुरू होता. तू एक कळ दाबलीस आणि त्या पत्र्याच्या डब्याच्या पोटातून माझे बाबा बोलले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. काटोलहून कळमेश्वरमार्गे नागपूरला जाणारी साडेनऊची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. प्रवाशांनी रांगेने गाडीत बसावे. प्रवाशांनी आपापल्या सामाना..."

आणि बंद. पडद्यावर तुझ्या ओळी.

सिनेमाच्या गाण्यांचा त्या स्पीकरमधून चोथा व्हायचा, पण बाबांचा आवाज स्वच्छ आला होता. वर्षानुवर्षं भोंग्यासाठी घासलेला आवाज तो, त्याला असल्या डबड्याची सवयच होती. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास.

"पुढं?" मी विचारलं.

"कार्ड टाक."

"सांग ना बे, काय आहे पुढं?"

"ऐकशीन तेव्हा समजीन."

"पुढं काय असनार? कळमेश्वरची गाडी गेली का मोवाडची लागली असन. वीस सेकंद खूप झाले मले."

एवढं बोलून मी वर निघून गेलो. प्रत्येक गोष्टीवर उत्तर असलेला तू त्या वेळी गप्प राहिलास, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. तुझं वागणं मला नाटकी वाटलं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं. घसा धरून सांगायचंस ना मला! जिना चढून यायचंस! दार तरी ठोकायचंस!

मग तू तोच आवाज नमुना म्हणून भोंग्यासोबत दिलास. सीताबर्डीच्या दुकानांतून फ्लॉपीवर कॉपी होत होत तो कुठं कुठं गेला. पोस्टमन रोज तुझ्या दारात दोन-दोन, चार-चार कार्डं टाकायला लागला. मी जिन्यावरून बघायचो आणि मनात म्हणायचो, लिहा लेको, वेडे आहात.

आता जे सांगतो ते मी तुला कधीच सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीला आई रडली म्हणून मी घरी गेलो. भांडणाचा विषय दोघांनीही टाळला, करंज्या खाल्ल्या. परत निघताना स्टँडवर त्यांच्या केबिनमध्ये बॅग ठेवायला गेलो. त्यांनी माईकचं बटण बंद असल्याची खात्री केली आणि टेबलाकडे बघत विचारलं, "तुह्या दोस्तानं ते भरून नेलं होतं. कॉम्प्युटरमंधी. ऐकलं का?"

"हो, ऐकलं ना. मस्त आलं."

"पुरं ऐकलं?"

मी म्हणालो, "हो. पुरं."

खोटं बोललो, प्रफुल्ल. कार्डाची सगळी कटकट त्यांना कोण समजावत बसणार, म्हणून बोललो. ते माझ्याकडे बघत राहिले. बाहेर नागपूरची गाडी लागली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, तरी त्यांनी माईक सुरू केला नाही. मला वाटलं, कामाच्या विचारात आहेत. शेवटी म्हणाले, "बरं." आणि बटण दाबून माझ्या गाडीचं निवेदन केलं.

पुढं काही वर्षांनी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तो गेलाच. राहिलेलं आयुष्य पाटीवर खडूनं लिहून बोलले. आणि मग गेले. त्यांचा आवाज त्या एका टेपशिवाय आणि भोंग्याच्या फ्लॉपीशिवाय कुठंच नव्हता. टेप तुझ्या पुतण्यांनी कधीच ओढून तिचा गुंता करून टाकला होता आणि फ्लॉपीला बुरशी लागली होती, असं तूच सांगितलंस. मीही मग तो विषय मनातून काढला. तू मास्तर झालास, मी नोकरीला लागलो, आपली लग्नं झाली, केस पांढरे झाले. कार्डाचा विषय निघाला की आपण दोघं हसायचो. मला वाटायचं, ते हसणं खरं आहे.

दोन महिन्यांपूर्वी तुझा फोन आला. "ये. भोंगा बोलून राहिला."

तू कुठूनशी एक धड फ्लॉपी मिळवली होतीस, ती वाचणारं यंत्र मिळवलं होतंस, आणि नव्या लॅपटॉपच्या आत जुन्या कॉम्प्युटरची नक्कल उभी केली होतीस. वहिनींनी चहा ठेवला. तू कळ दाबलीस. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." मी एकावन्न वर्षांचा माणूस, तोंडावर हात ठेवून रडलो. इतक्या वर्षांनी बाबा, तेच फलाट क्रमांक दोन, तेच "सामाना..."

आणि बंद. आणि पुन्हा त्याच ओळी.

तू हाताची घडी घालून बसला होतास. "अबे दिल्या, टाक ना आता कार्ड. आतातरी."

मी काय बोललो ते वहिनींनी ऐकलं, तुझ्या शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. "माह्या बापाचा आवाज आहे तो! तुह्या बापाचा नाही! त्याले कुलूप लावणारा तू कोण?"

"मी कोणीच नाही," तू म्हणालास. "तू फक्त लिही."

चहा तसाच टाकून मी निघालो. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन कार्ड आणलं, हे मात्र खरं आहे. टेबलावर ठेवलं. रोज वाटायचं, आधी त्याचा फोन येऊ दे, मग टाकीन. चूक त्याची आहे, मी काय म्हणून आधी वाकू? तुझा फोन आला नाही. वहिनींचा आला. शाळेत फळ्यासमोर उभा असताना तू खाली बसलास आणि पुन्हा उठला नाहीस, असं त्यांनी सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर पहिला विचार माझ्या मनात आला तो असा की आता मला किल्ली कोण देणार. दुसऱ्याच्या मरणाच्या बातमीवर माणसाला असलं सुचतं. याचाही राग मी तुझ्यावरच काढतो आहे, कारण दुसरं कोणी सापडत नाही.

सभा संपल्यावर वहिनी आतून बिस्किटांचा एक मोठा डबा घेऊन आल्या. "दिलीपभाऊ, हा तुमच्यासाठी ठेवला होता त्यायनं. म्हणत होते, दिल्याचं कार्ड आलं का हा डबा त्याले द्याचा. आता कोणतं कार्ड अन् काय. घेऊन जा तुम्ही."

डब्यात तुला आलेली सगळी कार्डं होती. गठ्ठे करून, सुतळीनं बांधून. मी दोन दिवस ऑफिसला दांडी मारून ती वाचली.

यवतमाळच्या एकानं भोंग्यावर आपल्या तान्ह्या मुलीचं हसणं ऐकलं होतं. रायपूरच्या एकानं कुत्र्याचं भुंकणं भरलं आणि खरं कुत्रं कॉम्प्युटरवर धावून गेलं. पण बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला होता तो नमुनाच, काटोलची गाडी. त्यांनी कार्ड टाकलं, तू किल्ली पाठवलीस, त्यांनी पूर्ण ऐकलं, आणि मग त्यातल्या कितीतरी जणांनी तुला दुसरं कार्ड टाकलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नियमात ते नव्हतं.

अमरावतीचे एक गृहस्थ: "तो मुलगा भेटला का हो वडिलांना?" छिंदवाड्याच्या एक मास्तरीणबाई, हिंदीतून: लड़का आया क्या, बताइएगा, माताजी रोज़ पूछती हैं. भुसावळच्या एकानं तर फक्त एक ओळ लिहिली होती, "आला का?" आणि प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात, लाल पेन्सिलीनं, तू पाठवलेल्या उत्तराची नोंद: अजून नाही. अजून नाही. अजून नाही.

मला काही कळेना. कोणता मुलगा? कुठं यायचा? शेवटी वर्ध्याच्या एका बाईंचं निळं अंतर्देशीय पत्र सापडलं. त्यांनी ऐकलेलं सगळं लिहून काढलं होतं. "सामानाची काळजी घ्यावी" पर्यंत मला पाठ होतं. त्यापुढचं मी पहिल्यांदा वाचलं:

"एक निवेदन. नागपूर येथे शिकत असलेले श्री. दिलीप नामदेवराव, मूळ राहणार काटोल, हे जिथे कुठे असतील तिथून त्यांनी नियंत्रण कक्षाजवळ यावे. त्यांचे वडील त्यांची वाट पाहत आहेत."

हरवलेल्या पोरांसाठी करतात ते निवेदन, प्रफुल्ल. स्टँडवर कोणाचं पोर चुकलं की बाबा असंच सांगायचे, अगदी याच शब्दांत. घरात चार शब्दांपलीकडे न जाणाऱ्या माणसाला मला बोलवायला दुसरी भाषाच येत नव्हती. त्यांना जी येत होती तिच्यात त्यांनी बोलावलं, तुझ्या टेपरेकॉर्डरसमोर, श्री. लावून.

म्हणजे "पुरं ऐकलं?" असं विचारून ते माझ्या तोंडाकडे बघत बसले होते ते यासाठी. आणि मी काय म्हणालो? हो. पुरं. मस्त आलं. माझ्या पोरानं ऐकलं आणि त्याला काही वाटलं नाही, असंच समजून ते जगले. आवाज गेल्यावर पाटीवर खडूनं हवं नको ते सगळं लिहायचे, पण हे पुन्हा कधी विचारलं नाही.

तू हरामखोर आहेस. हे मी पूर्ण शुद्धीत लिहितोय. छिंदवाड्याच्या म्हातारीला माहीत होतं, भुसावळला माहीत होतं, माझ्या बापानं मला हाक मारलेली अर्ध्या मुलखानं ऐकली, आणि मी डोक्यावरच्या खोलीत पाय पसरून बसलो होतो. एका कार्डासाठी! तीस वर्षांत एकदा, एकदातरी चहाच्या टपरीवर म्हणायचंस, अबे गधड्या, तुझा बाप तुला बोलावतोय. बाबांनी तुझ्याकडून कबूल करून घेतलं होतं का, की सांगू नको, त्याचा त्यानं ऐकू दे? तसं असेल तर तेवढं तरी सांगायचंस. की ही तुझीच खोड, की ऐकणाऱ्यानं आपण होऊन यावं आणि ऐकलं म्हणून सांगावं? मला ठाऊक नाही, आणि आता कधी होणार नाही. वहिनींना विचारलं, त्यांनाही नाही.

आणि तरी काटोलला तूच गेलास. दीड वर्षात त्या केबिनमध्ये माझ्या वतीनं कोणी गेलं असेल तर तू. त्यांच्यापुढं टेपरेकॉर्डर ठेवून "काका, बोला" म्हणणारा तू. धड फ्लॉपी शोधून तो आवाज परत काढणारा तू. हे मला नाकारता येत नाही, म्हणून तर आणखी चीड येते. नुसता वाईट असतास तर सोपं होतं.

त्या वर्ध्याच्या बाईंच्या पत्रात शेवटी दोन ओळी आहेत. "निवेदन संपल्यावर ते थोडं थांबतात आणि माईकवरून नाही, नुसतं, आणखी काही बोलतात. ते त्यांच्या मुलासाठी आहे, म्हणून इथे लिहीत नाही." मी इतर सगळी कार्डं पुन्हा उलथीपालथी केली. एकानंही लिहिलेलं नाही. ना अमरावतीनं, ना रायपूरनं. सगळे सभ्य! सगळे तुझ्यासारखेच!

म्हणजे अजूनही काहीतरी उरलं आहे, आणि ते कुलपात आहे. किल्ल्या काढायची रीत तू कुठं लिहून ठेवली नाहीस. वहिनी म्हणाल्या, "ते कागदावर बेरजा कराचे अन् कागद फाडून टाकाचे." जाणकारांना विचारलं. इतकं जुनं कुलूप फोडायला फार तर महिना लागेल म्हणतात. मी फोडणार आहे, प्रफुल्ल. तुला आवडो न आवडो. माझ्या बापाचा आवाज आहे आणि मी तो ऐकणार आहे.

पण आधी तुझ्या नियमानं. बैल गेला आणि झोपा केला, असं लोक म्हणतील, म्हणू देत. दोन महिने टेबलावर पडलेलं कार्ड मी आज भरलं. नंदनवनातल्या तुझ्याच पत्त्यावर, तुझ्याच नावानं. पोस्टात नेऊन पेटीत टाकलं आणि पेटीवर हात ठेवून जरा वेळ उभा राहिलो, तर मागचा माणूस म्हणाला, "सरका ना काका." त्यावर काय लिहिलं ते इथंही उतरवून ठेवतो, नाहीतर म्हणशील मिळालं नाही.

नाव: दिलीप नामदेवराव.

गाव: काटोल.

भोंग्यावर पहिल्यांदा काय ऐकलं: माझ्या वडिलांचा आवाज, वीस सेकंद. पुढचं ऐकलं नव्हतं. ऐकलं म्हणून त्यांना खोटं सांगितलं होतं.

लिहिलं, बघ. तिन्ही ओळी लिहिल्या. आता पाठव किल्ली.